एनलार्जरची लेन्स डिजिटल कॅमेऱ्यावर: घरच्या घरी अडॅप्टर बनवण्याचा योग्य क्रम

डार्करूम बंद झाल्या, पण एनलार्जरच्या (निगेटिव्हवरून मोठा फोटो छापायच्या यंत्राच्या) लेन्स अजून स्टुडिओच्या कपाटांत आणि जुन्या बाजारात पडून आहेत. मिररलेस कॅमेऱ्यावर त्या उत्तम चालतात. अडचण एवढीच की त्यांना स्वतःची फोकस रिंग नसते, त्यामुळे नुसती एक रिंग विकत आणून काम होत नाही. मधला भाग आपल्यालाच जुळवावा लागतो.

बहुतेकांचं बिघडतं ते क्रमामुळे. आधी हेलिकॉइड (फिरवून लांब-आखूड होणारी, फोकस करणारी नळी) मागवतात, पाइप कापतात, सगळं चिकटवतात आणि मग कळतं की समोरच्या इमारतीवर फोकस होतच नाही. माप आधी, हिशोब नंतर, खरेदी त्यानंतर आणि गोंद सर्वांत शेवटी, हा क्रम सोडू नका. पुढच्या उदाहरणात एम३९ (३९ मिमी व्यासाच्या) आट्यांची ७५ मिमी एनलार्जर लेन्स आणि सोनी ई माउंटचा (माउंट म्हणजे कॅमेऱ्यावर लेन्स जोडायची जागा) कॅमेरा धरला आहे. दुसरा कॅमेरा असेल तर आकडे बदलतील, पद्धत तीच राहील.

## १. लेन्स आधी नीट तपासा

खराब लेन्ससाठी अडॅप्टर बनवण्यात अर्थ नाही. अंधारात लेन्सच्या मागून मोबाईलचा टॉर्च तिरका मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. मुंबई-कोकणच्या दमट हवेत बंद कपाटात राहिलेल्या लेन्समध्ये ती हमखास सापडते. कडेला थोडी असेल तर चित्रात फारसा फरक पडत नाही. मधोमध पसरलेली असेल, किंवा आतल्या काचेवर दुधी थर असेल, तर ती लेन्स बाजूला ठेवा.

ॲपर्चरची पाती पूर्ण उघडतात आणि मिटतात का ते पाहा. मग आट्यांचा बाहेरचा व्यास मोजा. निक्कोर, रोडेनस्टॉक, श्नायडर यांच्या ५० ते ८० मिमीच्या बहुतेक लेन्स ३९ मिमीच्या असतात, पण सगळ्याच नाहीत. ३९ च्या या आट्यांचं प्रमाण इंचाला २६ असतं. बाजारातल्या ३९-४२ रिंगांवर (३९ ची लेन्स ४२ च्या आट्यांना जोडणाऱ्या) मात्र बहुधा १ मिमी पिचचे, म्हणजे एकमेकांपासून १ मिमीवर असलेले, आटे असतात. फरक सूक्ष्म असल्याने दोन-तीन फेरे सहज बसतात.

इशारा: दोन-तीन फेऱ्यांनंतर जड लागलं तर थांबा. लेन्सचे आटे मऊ पितळेचे किंवा ॲल्युमिनियमचे असतात. जोर केला तर तेच खराब होतात आणि ते दुरुस्त करता येत नाहीत.

## २. इन्फिनिटीचं अंतर मोजा

आपल्याला एकच आकडा हवा आहे: लेन्स रिंगवर जिथे टेकते त्या कडेपासून, दूरचं, म्हणजे इन्फिनिटीचं, दृश्य जिथे स्पष्ट उमटतं त्या जागेपर्यंतचं अंतर. लेन्सवर लिहिलेले ७५ मिमी म्हणजे हा आकडा नव्हे. तो लेन्सच्या बांधणीप्रमाणे कमीजास्त असतो, म्हणून मोजावाच लागतो.

जाड पुठ्ठ्याला ३९ मिमीचं भोक पाडा आणि लेन्स पुढच्या बाजूने त्यात बसवा. खोलीत अंधार करून एकच खिडकी उघडी ठेवा. किमान शंभर मीटर दूरची, ठळक कडांची वस्तू निवडा: पाण्याची टाकी, मोबाईल टॉवर, गच्चीवरचा कठडा. ॲपर्चर पूर्ण उघडा. लेन्सच्या मागे ताणून बसवलेला बटर पेपर पुढे-मागे करत चित्र स्पष्ट होईल तिथे थांबवा. आता पुठ्ठ्याच्या पुढच्या पृष्ठभागापासून कागदापर्यंत मोजा. लेन्स पुठ्ठ्याच्या पुढच्या बाजूला टेकते, त्यामुळे मागच्या बाजूने मोजलंत तर पुठ्ठ्याची जाडी हिशोबातून सुटते. ही चूक फार जण करतात.

कागद पूर्ण हलवून पुन्हा फोकस करा आणि असे पाच वेळा माप घेऊन सरासरी काढा. डोळ्यांनी अर्ध्या मिलिमीटरपर्यंतची चूक राहतेच. ती पुढे हेलिकॉइड सांभाळून घेईल.

तपासणी: पाच मापांमध्ये १ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर बहुधा कागद सैल आहे. आकडा जुळेपर्यंत पुढे जाऊ नका.

## ३. हिशोब कागदावर करा

प्रत्येक कॅमेऱ्यात माउंटच्या कडेपासून सेन्सरपर्यंतचं अंतर ठरलेलं असतं. नेहमीच्या माउंटची मापं मिलिमीटरमध्ये अशी:

- निकॉन झेड: १६
- फुजी एक्स: १७.७
- सोनी ई: १८
- कॅनन आरएफ: २०
- एल माउंट: २०
- कॅनन ईएफ: ४४
- निकॉन एफ: ४६.५

लेन्सच्या अंतरातून हे अंतर वजा करा. उरेल ती अडॅप्टरची एकूण लांबी. समजा तुमच्या ७५ मिमी लेन्सचं माप ७१ आलं. ७१ मधून १८ गेले, राहिले ५३. माउंटच्या कडेपासून लेन्स टेकते तिथपर्यंतचं सगळं काही या ५३ मिमीत बसलं पाहिजे.

आता सुट्या भागांची बेरीज. एम४२ हेलिकॉइड साधारण १२-१७, १७-३१, २५-५५ आणि ३५-९० मिमी अशा पल्ल्यांत मिळतात. पहिला आकडा पूर्ण मिटलेल्या स्थितीतला, दुसरा पूर्ण उघडलेल्या. आपण २५-५५ घेऊ. कॅमेऱ्याकडची टोपी (बॉडी कॅप, म्हणजे लेन्स नसताना कॅमेऱ्यावर लावायचं झाकण) आणि तिच्यावरची रिंग मिळून ४, ३९-४२ रिंग १, मिटलेलं हेलिकॉइड २५, एक्स्टेन्शन ट्यूब (लांबी वाढवणाऱ्या पोकळ नळ्या) १४ आणि ७. एकूण ५१. हवे होते ५३. म्हणजे हेलिकॉइड २ मिमी उघडलं की इन्फिनिटी येईल आणि उरलेला २८ मिमी प्रवास जवळच्या फोकससाठी मिळेल. तेवढ्यात ही लेन्स सुमारे २८ सेंटिमीटरवरच्या वस्तूपर्यंत पोचते. फुलं, नाणी, जुन्या फोटोंच्या प्रती यासाठी तेवढं पुष्कळ झालं.

जोडणी नेहमी १ ते ३ मिमी आखूड ठेवा, लांब कधीच नको. आखूड राहिली तर हेलिकॉइड थोडं उघडून भागतं. लांब झाली तर कानस हाच उपाय. ती लांबी किती महागात पडते ते आकड्यांतच पाहा. ५० मिमीच्या लेन्समागे अडॅप्टर फक्त ०.१ मिमी लांब झाला तर सुमारे २५ मीटरच्या पलीकडे फोकस होत नाही. ०.५ मिमी लांब झाला तर ५ मीटरलाच सगळं संपतं.

आरशाच्या डीएसएलआरवाल्यांनी हा हिशोब खरेदीआधी नक्की करावा. निकॉन एफवर ७१ मधून ४६.५ गेले की २४.५ मिमी उरतात. त्यात १७-३१ चं हेलिकॉइड जेमतेम बसतं. पण ५० मिमी लेन्सचं माप समजा ४४ आलं, तर निकॉन एफवर जागाच उरत नाही. तिथे ही लेन्स फक्त मॅक्रोसाठी (अगदी जवळच्या फोटोंसाठी) वापरता येईल. मिररलेसवर ही अडचण येत नाही.

## ४. साहित्य

आता खरेदी करा, त्याआधी नाही.

- कॅमेऱ्याची बॉडी कॅप, शक्यतो दोन
- ४२ मिमी व्यास आणि १ मिमी पिचच्या आतल्या आट्यांची सपाट धातूची रिंग
- हेलिकॉइड, एक्स्टेन्शन ट्यूब, ३९-४२ रिंग
- व्हर्नियर कॅलिपर, ३८ मिमी होल सॉ, अर्धगोल कानस, बारीक पॉलिश पेपर, सपाट जाड काच
- अराल्डाइट (सावकाश सुकणारं), २ मिमीचे तीन स्क्रू
- फळ्याचा काळा रंग किंवा पाठीला गोंद असलेली काळी मखमल

रिंग तयार मिळाली नाही तर लेथवर करून घ्या. भोसरी, सातपूर, कोल्हापूरचं उद्यमनगर, कुठल्याही औद्योगिक भागात छोटी कामं घेणारे लेथवाले असतात. जाताना हेलिकॉइड सोबत न्या आणि त्यावर आटे जुळवूनच रिंग ताब्यात घ्या. तोंडी सांगितलेल्या मापावर भरवसा ठेवू नका.

इशारा: ४२ मिमीचे आटे दोन प्रकारचे असतात. एम४२ चं पिच १ मिमी, टी२ चं ०.७५. व्यास सारखाच असल्याने एक दुसऱ्यात फेराभर शिरतं आणि मग अडकून आटे बिघडवतं. ऑनलाइन वर्णनात दोन्हींना सर्रास 'एम४२' म्हटलेलं असतं. मागवण्यापूर्वी पिच विचारा.

ट्यूबवर छापलेल्या मापावरही विसंबू नका. हातात आलेला प्रत्येक भाग व्हर्नियरने मोजा, आटे वगळून, आणि हिशोब पुन्हा मांडा.

थ्रीडी प्रिंटिंगची सोय असेल तर मधली नळी छापता येते. फक्त पीएलए प्लास्टिक टाळा. ते साधारण ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि उन्हात उभी असलेली बंद गाडी त्याला वाकवू शकते. पीईटीजी वापरा.

## ५. टोपी कापणे

टोपी स्वस्त आहे, म्हणून इथे घाई होते. पण कॅमेऱ्याला चिकटून बसणारा भाग हाच, आणि तो तिरका झाला तर पुढचं सगळं तिरकं होणार.

टोपीचा मध्य व्हर्नियरने काढा. तीन वेगवेगळ्या व्यासांवर मध्यबिंदू आखा, तिन्ही रेषा एकाच ठिकाणी छेदल्या पाहिजेत. लाकडाच्या सपाट तुकड्यावर टोपी दाबून धरा आणि मंद वेगाने ३८ मिमीचं भोक पाडा. वेग जास्त ठेवला तर प्लास्टिक वितळून कड फुगते. ३८ मिमी पुरतं का, असा प्रश्न फुल फ्रेमवाल्यांना (३५ मिमी फिल्मएवढा मोठा सेन्सर असलेल्यांना) पडतो. या लांबीच्या लेन्ससाठी पुरतं. सेन्सरच्या कोपऱ्याकडे जाणारा प्रकाश टोपीच्या जागी साधारण ३७ मिमीच्या वर्तुळात मावतो. भोक याहून लहान ठेवू नका आणि मोठंही करू नका, नाहीतर टोपीची कड कमकुवत होते.

कड कानशीने साफ करा. मग काचेवर पॉलिश पेपर पसरून टोपीची बाहेरची बाजू आठच्या आकड्यासारखी फिरवत घासा. इथेच रिंग टेकणार आहे.

इशारा: कापताना आणि घासताना कॅमेरा त्या खोलीतही नको. काम झालं की टोपी साबणाच्या पाण्याने धुवा, वाळवा, ब्लोअरने फुंका. प्लास्टिकचा एक कणही सेन्सरवर पडला तर प्रत्येक फोटोत काळा ठिपका दिसतो. धातूचा कण काच ओरखडू शकतो.

टोपीबद्दल आणखी एक गोष्ट, जिच्याकडे जवळजवळ सगळे दुर्लक्ष करतात. लेन्सला असते तशी कुलुपाच्या पिनची खाच बहुतेक टोप्यांना नसते. हेलिकॉइड जड असेल तर फोकस फिरवताना टोपीच सुटते आणि लेन्स हातात येते, किंवा जमिनीवर पडते. उपाय असा: कॅमेऱ्याच्या पिनवर व्हाइटबोर्ड मार्करचा ठिपका द्या, टोपी नेहमीसारखी फिरवून बसवा आणि काढा. टोपीवर शाईचा कंस उमटतो. तो जिथे संपतो तिथे पिनपेक्षा किंचित मोठं भोक पाडा. पुन्हा बसवल्यावर 'टक' असा आवाज आला पाहिजे. मग पिनवरची शाई पुसून टाका.

लेन्स आणि हेलिकॉइड मिळून वजन जास्त वाटत असेल तर टोपीचा हट्ट सोडा. एखाद्या स्वस्त मॅक्रो ट्यूबचा धातूचा माउंट काढून तोच वापरा. माझ्या मते रोज वापरायच्या अडॅप्टरसाठी धातूचाच माउंट घ्यावा. टोपी हलक्या लेन्ससाठी आणि पहिल्या चाचणीसाठी चांगली.

## ६. गोंदाशिवाय जोडणी

रिंग टोपीवर मधोमध ठेवा आणि बाहेरून काळ्या चिकटपट्टीने तात्पुरती बांधा. हेलिकॉइड, ट्यूब, ३९-४२ रिंग आणि लेन्स बसवा. कॅमेऱ्याला लावण्यापूर्वी दोन गोष्टी पाहा: टोपीच्या आत कोणताही भाग माउंटच्या पातळीपुढे शटरकडे येत नाही ना, आणि कॅमेऱ्याच्या विजेच्या संपर्क-पिनांना धातूचं काही लागत नाही ना.

मेनूमध्ये 'लेन्सशिवाय शटर' हा पर्याय सुरू करा. सोनी, कॅनन, फुजी यांच्या कॅमेऱ्यांत तो वेगवेगळ्या नावांनी असतो. तो बंद असेल तर शटर चालत नाही आणि लोक विनाकारण अडॅप्टर खोलून बसतात.

इन्फिनिटीची चाचणी सकाळी लवकर घ्या. दुपारी तापलेल्या हवेत दूरचं दृश्य थरथरतं आणि फोकस चुकला की हवा हलली हे कळत नाही. ॲपर्चर पूर्ण उघडं, कॅमेरा ट्रायपॉडवर, स्क्रीनवर चित्र सर्वांत मोठं करून हेलिकॉइड फिरवा. रात्री चंद्र असेल तर त्याहून चांगलं लक्ष्य नाही.

तपासणी: फोकस स्पष्ट होऊन पुन्हा पुसट झाला पाहिजे. म्हणजे हेलिकॉइड इन्फिनिटीच्या पलीकडेही थोडं जातं. नुसतं स्पष्ट होत जाऊन शेवटच्या टोकाला थांबलं तर इन्फिनिटी खरंच मिळाली की नाही हे ठरवता येत नाही. अशा वेळी एक ट्यूब कमी करा किंवा रिंग घासा.

हेलिकॉइडच्या टोकावरच इन्फिनिटी हवी असेल तर मधे पातळ चकत्या घाला. प्रोजेक्टरच्या पारदर्शक शीटच्या चकत्या सोयीच्या पडतात. जाडी मोजताना दहा थर एकत्र मोजून दहाने भागा. चकत्या ३९-४२ रिंग आणि हेलिकॉइड यांच्यामध्ये ठेवा, कॅमेऱ्याच्या बाजूला नको. आणि ०.३ मिमी सूट राखा. उन्हाळ्यात आणि थंडीत धातू सारखा राहत नाही.

## ७. समांतरता

फोटोची एक बाजू तीक्ष्ण आणि दुसरी पुसट येत असेल तर दोष बहुतेक वेळा लेन्सचा नसून तिरक्या अडॅप्टरचा असतो. म्हणून ही चाचणी गोंदाआधीच.

जोडलेल्या टोपी-रिंगची उंची चार ठिकाणी मोजा. ०.०५ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर उंच बाजू काचेवर घासा. मग भिंतीवर वर्तमानपत्राचं पान सपाट चिकटवा आणि त्याच्या मधोमध छोटा आरसा टेकवा. स्क्रीनच्या मधोमध तुमच्याच लेन्सचं प्रतिबिंब दिसलं की कॅमेरा भिंतीला बरोबर समोरासमोर आला. आरसा काढा, पूर्ण उघड्या ॲपर्चरवर फोटो घ्या आणि चारही कोपऱ्यांतली अक्षरं वाचा.

एखादा कोपरा पुसट असेल तर हेलिकॉइड अर्धा फेरा फिरवा, कॅमेरा पुढे-मागे सरकवून पुन्हा फोकस करा, आरशाने समोरासमोर आणा आणि फोटो घ्या. पुसटपणा विरुद्ध बाजूला गेला तर दोष लेन्स किंवा पुढच्या रिंगमध्ये. जागच्या जागी राहिला तर टोपीत.

## ८. आतून काळं करणे आणि चिकटवणे

ट्यूबच्या आतल्या चकाकीमुळे चित्र फिकट येतं, आणि लोक त्याचा दोष जुन्या काचेला देतात. नळीच्या आत मखमल लावा किंवा फळ्याच्या रंगाचे दोन पातळ हात द्या. आट्यांवर आणि हेलिकॉइडच्या सरकणाऱ्या भागावर रंग नको. तो दिवसभर वाळू द्या, बोटाला काळं लागायचं थांबेपर्यंत.

मग गोंद. टोपी आणि रिंग दोन्हीची टेकणारी बाजू खरबरीत करून स्पिरिटने पुसा. काही टोप्या मेणचट प्लास्टिकच्या असतात, त्यावर एपॉक्सी धरत नाही. त्यामुळे तीन स्क्रू लावाच. सारख्या अंतरावर तीन भोकं पाडा. भोकं पाडल्यावर टोपी पुन्हा धुवा. अराल्डाइटचा पातळ थर द्या, स्क्रू थोडे थोडे आळीपाळीने आवळा आणि उंची परत चार ठिकाणी मोजा. सपाट काचेवर वजन ठेवून रात्रभर राहू द्या.

इशारा: झटपट चिकटणारा सुपरग्लू वापरू नका. त्याची वाफ काळ्या प्लास्टिकवर आणि काचेवर पांढरी बसते. चिकटवताना लेन्स जोडणीत नसावी, गोंद कुठलाही असो.

## ९. प्रकाशगळती

रोडेनस्टॉक आणि नंतरच्या काळातल्या निक्कोर एनलार्जर लेन्सच्या बुडाशी एक छोटी पारदर्शक खिडकी असते. अंधारात ॲपर्चरचे आकडे उजळावेत म्हणून ती ठेवलेली असते. कॅमेऱ्यावर मात्र तिच्यातून उजेड थेट आत येतो आणि चित्रावर फिकट पट्टा उमटतो. काळ्या टेपचा तुकडा लावून ती बंद करा. रंग लावू नका, लेन्स पुढे कधी एनलार्जरवर परत जाऊ शकते.

मग लेन्सवर झाकण लावा, आयएसओ वाढवा आणि ३० सेकंदांचं एक्स्पोजर सुरू करून टॉर्च प्रत्येक सांध्याभोवती फिरवा. फोटो पूर्ण काळा आला पाहिजे. कुठे उजेड दिसला तर त्या सांध्यावर आतून मखमलीची पट्टी लावा आणि चाचणी पुन्हा घ्या.

शेवटी कॅमेऱ्यात स्थिरीकरणासाठी फोकल लांबी हाताने ७५ भरा, कारण ही लेन्स कॅमेऱ्याला स्वतःबद्दल काहीच कळवत नाही. हेलिकॉइडवर इन्फिनिटीची जागा पांढऱ्या रेघेने दाखवा. पुढची काच उघडी असते, तेव्हा बसेल तो हूड लावा. पावसाळ्यात लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा आणि जेलचा रंग बदलला की ते बदला.